पाउलिनमचे विद्यार्थी आणि पंतप्रधानांना गेलेलं पत्र

३० जून १९७१ रोजी दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान बी. जे. फोर्स्टर यांच्या नावे एक खुलं पत्र निघालं. खाली दोन सह्या होत्या. एक उत्तरेकडच्या ओवाम्बोकावांगो ल्यूथरन चर्चचे बिशप लिओनार्ड आउआला यांची, दुसरी दक्षिणेकडच्या ल्यूथरन चर्चचे मोडरेटर, म्हणजे प्रमुख, पाउलुस गोवासेब यांची. दोघेही कृष्णवर्णीय. नैऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. हा प्रदेश तुम्ही नीट चालवलेला नाही, इथल्या लोकांचे मानवी हक्क तुम्ही पाळलेले नाहीत आणि हा देश स्वतंत्र व्हावा, असं या दोघांनी सभ्य शब्दांत पण सरळ लिहिलं होतं.

सह्या पुढाऱ्यांच्या असल्या तरी पत्राची सुरुवात झाली ओत्जिम्बिंग्वे या गावात, पाउलिनम नावाच्या पाळक-प्रशिक्षणाच्या शाळेत. मसुद्यामागे तिथले विद्यार्थी होते. युरोपीय मिशनच्या पैशावर आणि बऱ्याच अंशी युरोपीय शिक्षकांच्या हाताखाली शिकणारी ही मुलं. उपासना कशी चालवायची, प्रवचन कसं बांधायचं, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांचा अर्थ मंडळीला कसा समजावायचा, हे शिकायला ती आली होती. त्यांच्या हातून देशातल्या राजकारणाला वळण देणारा कागद कसा निघाला, हा या प्रकरणाचा विषय.

शाळेच्या आधीची शंभर वर्षं

जर्मनीतल्या बार्मेनची राइनिश मिशन संस्था या भागात १८४२ पासून होती. नामा आणि हेरेरो लोकांमध्ये तिचं काम चालायचं. ओत्जिम्बिंग्वे हे तिचं मोठं ठाणं. स्वाकोप नदीच्या कोरड्या पात्राकाठचं हे गाव १८८४ नंतर काही वर्षं जर्मन वसाहतीच्या प्रशासनाचं केंद्रही होतं. सुवार्तिक (धर्मप्रचारक) आणि शिक्षक तयार करायला कार्ल ह्यूगो हान यांनी १८६६ मध्ये इथेच आउगुस्टिनेउम ही शाळा काढली. म्हणजे स्थानिक माणसांना शिकवायला मिशनने उशीर केला असं म्हणता येत नाही. उशीर झाला तो पुढच्या पायरीवर. शिकलेल्या माणसाला पाळकदीक्षा द्यायची वेळ आली की मिशन मागे सरायची. सुवार्तिक गावोगाव फिरायचे, शाळा चालवायचे, आजाऱ्यांपाशी बसायचे, मयतीला उभे राहायचे. पण मंडळीचा कारभार आणि पैसा गोऱ्या मिशनऱ्याच्याच हाती राहायचा. राइनिश मिशनच्या क्षेत्रात पहिल्या कृष्णवर्णीय पाळकांना दीक्षा मिळाली ती १९४९ मध्ये. मिशन आल्याला तोवर शंभरावर वर्षं झाली होती.

उत्तरेकडे फिनलंडची मिशन संस्था १८७० मध्ये आली. ओवाम्बो लोकांतल्या पहिल्या सात पाळकांना दीक्षा मिळाली १९२५ मध्ये. पंचावन्न वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, पण दक्षिणेशी तुलना केली तर घाईच म्हणायची. फिनिश माणसं स्वभावाने उदार आणि जर्मन कडक, अशी सोपी फोड काही जण करतात. मला ती पटत नाही. उत्तरेत गोऱ्यांची वस्ती नव्हती, जमिनी बळकावणारे शेतमळेवाले नव्हते. दक्षिणेत राइनिश मिशनऱ्याला एकाच वेळी हेरेरोंचा मिशनरी आणि जर्मन वसाहतवाल्यांचा पाळक व्हायचं होतं. मंडळ्या दोन, माणूस एक. कुणाला चर्चमध्ये कुठे बसवायचं इथपासूनच त्याची ओढाताण सुरू व्हायची.

१९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. त्यात राइनिश मिशनने जे केलं त्याचा डाग पुढे धुतला गेला नाही. रानोमाळ पांगलेल्या हेरेरोंना शरण आणण्यासाठी मिशनने ओत्जिहाएनेना आणि ओम्बुरो इथे गोळा करण्याची ठाणी उघडली. उपाशी लोक मिशनऱ्याच्या शब्दावर आले आणि तिथून छळछावण्यांमध्ये पाठवले गेले. मिशनऱ्यांचा हेतू जीव वाचवण्याचा होता, असं कागदपत्रं सांगतात. आलेल्या माणसांना त्या हेतूचा उपयोग किती झाला हा वेगळा प्रश्न.

या सगळ्याची वसुली चाळीस वर्षांनी झाली. १९४६ मध्ये नामा शिक्षक आणि सुवार्तिकांचा मोठा गट राइनिश मिशन सोडून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल या मूळ अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गेला. मार्कस विटबूई, पेट्रुस योड ही त्यातली पुढची नावं. त्यांचा राग दोन गोष्टींवर होता: दीक्षा मिळत नव्हती, आणि मिशन आपल्या मंडळ्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांच्या चर्चच्या, हवाली करायचा विचार करत होती. १९५५ मध्ये हेरेरो लोकांनी ओरुआनो हे स्वतःचं चर्च काढलं. १९४६ च्या धक्क्याशिवाय १९४९ ची दीक्षा, आणि या दोन्ही धक्क्यांशिवाय १९५७ मधलं स्वतंत्र दक्षिणी चर्च, इतक्या लवकर झालं असतं, असं मला वाटत नाही. मिशनच्या इतिहासांत हे ‘मंडळी प्रौढ झाली’ अशा शब्दांत येतं. खरं तर निम्मं घर रिकामं व्हायला लागल्यावर चावी हातात दिली गेली.

एका छपराखाली

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर आणि दक्षिणेच्या दोन्ही ल्यूथरन चर्चनी मिळून पाळक-प्रशिक्षण ओत्जिम्बिंग्वेला एकत्र आणलं. कारण अगदी व्यवहारी होतं. दोन दुबळ्या शाळा चालवण्यापेक्षा एक धड चालवलेली बरी; शिक्षक थोडे, पुस्तकं थोडी, पैसा बाहेरून येणारा. टेओ सुंडरमायर यांच्यासारखे पुढे जर्मनीत नाव काढलेले धर्मशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात इथे शिकवत होते.

त्याच सुमारास सरकारने ओदेंडाल आयोग नेमला. १९६४ च्या त्याच्या अहवालाने देशाचे वांशिक तुकडे पाडायची योजना मांडली: ओवाम्बोंचा वेगळा मुलूख, हेरेरोंचा वेगळा, दामारांचा, नामांचा वेगळा, असे गोऱ्या नसलेल्या गटांसाठी एकूण दहा. ओवाम्बो माणसाला परवान्याशिवाय दक्षिणेत पाऊल टाकता येत नव्हतं. खेड्यातला हेरेरो तरुण ओवाम्बोला भेटायचा तो खाणीत किंवा मासळीच्या कारखान्यात, तेही वेगवेगळ्या बराकींत. अशा देशात ओवाम्बो, नामा, दामारा आणि हेरेरो मुलं वर्षानुवर्षं एका वसतिगृहात राहतात, एका पंगतीत जेवतात, एकमेकांच्या गावचं ऐकतात, अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. पाउलिनम त्यांतली एक.

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. अभ्यासक्रमात क्रांतिकारक असं काही नव्हतं. उलट ल्यूथरन शिकवणुकीत अशा वेळी आड येणारा एक धोंडाच आहे: दोन राज्यांचा सिद्धांत. देव जगावर दोन हातांनी राज्य करतो, एका हाती सुवार्ता, दुसऱ्या हाती कायदा आणि तलवार. या दोन्हींची सरमिसळ करू नये. त्याला बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाची जोड दिली की सत्ताधाऱ्याच्या अधीन राहणं हे धर्मकर्तव्य होऊन बसतं. राइनिश मिशनऱ्यांनी हा पाठ पिढ्यान्‌पिढ्या गिरवून घेतला होता. पाउलिनमच्या मुलांनीही तो गिरवला असणार. पण वर्गातला पाठ एक सांगतो आणि शेजारच्या खाटेवरचा मित्र बापाची हकिगत दुसरीच सांगतो, तेव्हा तेरावा अध्याय आधीसारखा वाचता येत नाही.

शेजारच्या खाटेवरचा मित्र उत्तरेकडचा असेल तर ती हकिगत कराराच्या मजुरीची असायची. उत्तरेतले पुरुष ‘स्वानला’ या भरती संस्थेमार्फत दक्षिणेत मजुरीला जायचे. भरतीच्या ठिकाणी डॉक्टर त्यांना तपासायचा आणि अंगातल्या ताकदीप्रमाणे अ, ब, क असे वर्ग पाडले जायचे. मजुरी त्या वर्गानुसार. माणसावर लेबल बांधलं जायचं आणि तो कुठल्या खाणीत किंवा मळ्यावर जाणार ते दुसराच कुणी ठरवायचा. वर्ष-दीड वर्षाचा करार, बायको-मुलांना सोबत न्यायला बंदी, मुदतीआधी काम सोडलं तर तो गुन्हा. १९७१ च्या सुमारास असे ४०,००० वर मजूर होते. उत्तरेतल्या गावात पाळक म्हणून जाणाऱ्या तरुणासमोर रविवारी कोण बसणार होतं? बायका, म्हातारे आणि पोरं. विवाहाच्या पावित्र्यावर त्याने प्रवचन कुणापुढे द्यायचं? राजकारणात पडावं की नाही हा प्रश्न त्याला सिद्धांतातून पडलाच नाही. तो मंडळीच्या हजेरीपटातून उभा राहिला.

पत्र

२१ जून १९७१ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपलं सल्लामत दिलं: नैऋत्य आफ्रिकेतली दक्षिण आफ्रिकेची उपस्थिती बेकायदेशीर आहे, तिने तिथलं प्रशासन काढून घ्यावं. १३ विरुद्ध २. न्यायालयाचे अध्यक्ष होते मुहम्मद जफरुल्ला खान. पाच वर्षांपूर्वी, १९६६ मध्ये, याच न्यायालयाने इथिओपिया आणि लायबेरियाचा दावा समसमान मतांनंतर अध्यक्षांच्या निर्णायक मताने फेटाळला होता. त्यामुळे लोकांनी हेगची आशा जवळजवळ सोडून दिली होती. निकालाची बातमी रेडिओवर आली आणि सरकारने लगेच सांगून टाकलं की आम्ही तो मानत नाही, इथली जनता आमच्यासोबतच आहे.

ही जनता म्हणजे कोण, हे विचारणारं देशात कुणी उरलं नव्हतं. स्वापो या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेचे बरेचसे नेते परदेशात किंवा तुरुंगात होते. उघडपणे भेटू शकणारी आणि वांशिक सीमा ओलांडून पसरलेली एकच संघटना होती: चर्च. दोन्ही ल्यूथरन चर्च मिळून देशातल्या लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा त्यांच्या मंडळ्यांत होता. पाउलिनमच्या विद्यार्थ्यांनी नेमकं हेच हेरलं. आपल्या पुढाऱ्यांनी बोललं पाहिजे, असा आग्रह धरून त्यांनी मसुदा पुढे केला. दोन्ही चर्चच्या कार्यकारिणींनी चर्चा करून तो स्वीकारला. निकाल आणि पत्र यांत नऊ दिवसांचं अंतर आहे. चर्चच्या समित्या किती वेगाने चालतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नऊ दिवसांची किंमत वेगळी सांगायला नको.

पत्र वाचताना पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते हे की त्याचा मुख्य आधार पवित्र शास्त्र नाही. आधार आहे संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, आणि तोही कलमवार. लोकांना रोजच्या जगण्यात धमकावलं जातं, त्यांना सुरक्षित वाटत नाही: कलम ३. सगळे वंशगट मिळून हा देश एक आहे असं आम्ही मानतो, पण मोकळेपणी फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क हिरावला जातो: कलम १३. मनातलं बोलता येत नाही, हेरगिरी होते, जे पटत नाही तेच बोलायला लावलं जातं: कलमं १८ आणि १९. मतदानाचा हक्क नाही: कलमं २० आणि २१. गोऱ्यांसाठी राखीव नोकऱ्यांमुळे मजुरी कमी आणि बेकारी जास्त, करार पद्धतीमुळे कुटुंबं तुटतात: कलमं २३ आणि २५. शेवटी मागणी: संयुक्त राष्ट्रांच्या सहकार्याने शांततेचा मार्ग काढा आणि हा देश स्वयंपूर्ण व स्वतंत्र होऊ द्या.

(या जाहीरनाम्याच्या जडणघडणीत मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या हंसा मेहतांचा वाटा होता, पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ आले ते त्यांच्या आग्रहामुळे. दक्षिण आफ्रिका मात्र १९४८ च्या मतदानात तटस्थ राहिली होती.)

धर्मशास्त्र शिकणाऱ्यांनी शास्त्रवचनं बाजूला का ठेवली? फोर्स्टर यांचे सख्खे भाऊ कूट फोर्स्टर हे डच रिफॉर्म्ड चर्चचे त्या वेळचे मोडरेटर होते. वर्णभेदाला शास्त्राधार जोडणारं एक अख्खं धर्मशास्त्र त्या घराला पाठ होतं. वचनाला वचन भिडवलं असतं तर वाद अनंतकाळ चालला असता आणि पंतप्रधानांना तो हवाच होता. कलम १३ चं उत्तर वचनाने देता येत नाही. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते, आणि ती शाळेत शिकवलेली नव्हती.

सोबत मंडळ्यांसाठी वेगळं पत्र निघालं. १८ जुलै १९७१ च्या रविवारी ते देशभरातल्या ल्यूथरन चर्चमध्ये पुलपिटवरून वाचून दाखवलं गेलं. त्याचा सूर पाळकाचा होता: शांतता राखा, इतर वंशांतल्या भावांशी नातं तोडू नका, पूल बांधा. पण सरकारबद्दल जे म्हणायचं होतं ते त्यातही होतं, आणि ज्या बाईचा नवरा त्या रविवारी वॉल्विस बेच्या मासळी कारखान्यात होता तिने ते चर्चमध्ये, पाळकाच्या तोंडून ऐकलं.

पुढे काय झालं

ऑगस्टमध्ये फोर्स्टर स्वतः विंडहुकला येऊन चर्चच्या शिष्टमंडळाला भेटले. दोन्ही बाजूंनी एक पाऊलही मागे घेतलं नाही. त्याच महिन्यात उत्तरेतल्या ओंग्वेदिवाच्या शाळेत विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. अनेकांना काढून टाकण्यात आलं, आणि शिक्षण तुटलेल्या मुलांना एकच रस्ता मोकळा होता: करारावर मजुरी. अशा रीतीने सरकारनेच शिकलेले, संतापलेले तरुण मजुरांच्या बराकींत नेऊन सोडले.

करार पद्धतीवरच्या टीकेला उत्तर म्हणून सरकारचे प्रतिनिधी यानी दे वेत म्हणाले की ही गुलामी कशी, मजूर आपल्या मर्जीने सही करतात. मजुरांनी हे वाक्य उचललं. मर्जीने आलो तर मर्जीने जाऊ. १३ डिसेंबर १९७१ रोजी विंडहुकच्या कातुतुरा वस्तीतून संप सुरू झाला. वॉल्विस बे, त्सुमेबच्या खाणी असं करत जानेवारीपर्यंत सुमारे १३,००० मजूर त्यात उतरले. १९७२ मध्ये स्वानला बरखास्त झाली. करार पद्धत तेवढ्याने संपली नाही, पण पुन्हा पूर्वीसारखी चालली नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये ओवाम्बोलँडवर आणीबाणीची कलमं लादली गेली.

पत्राची किंमत चर्चने मोजली. उत्तरेतल्या ओनिइपा इथला चर्चचा छापखाना मे १९७३ मध्ये स्फोटाने उडवला गेला. तो पुन्हा बांधला. १९८० मध्ये पुन्हा उडवला. परदेशी मिशनऱ्यांचा मुक्काम प्रिटोरियाच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारच्या, मर्जीवर होता, आणि ही तलवार १९७१ च्या आधीपासूनच टांगलेली होती. पत्रावर एकाही मिशनऱ्याची सही नाही याचं एक कारण हे असावं. दुसरं, अधिक चांगलं कारण म्हणजे सहीची गरज उरली नव्हती.

गोऱ्या जर्मन भाषकांचं वेगळं ल्यूथरन चर्चही देशात होतं. तोच विश्वासांगीकार, तेच ल्यूथरचे प्रश्नोत्तर, तीच गीतं. त्याने पत्राला साथ दिली नाही. १९७७ मध्ये दार-ए-सलामला ल्यूथरन जागतिक महासंघाचं अधिवेशन भरलं. तिथे ठरलं की वर्णभेद हा केवळ राजकीय मतभेदाचा विषय नाही, तो श्रद्धेच्या कबुलीचाच प्रश्न आहे. त्यावर तटस्थ राहता येणार नाही. १९८४ मध्ये बुडापेस्टला या गोऱ्या चर्चचं सदस्यत्व स्थगित झालं. दोन राज्यांच्या सिद्धांताचा अर्थ कुणी लावायचा, हे तेव्हा तरी वुप्पर्टाल किंवा हेलसिंकीला, म्हणजे जर्मन आणि फिनिश मिशनच्या मुख्यालयांत, ठरलं नाही.

श्रेय कुणाचं

मिशनचे समर्थक म्हणतात, शाळा आम्ही काढली, फळ आमचं. मी हे अर्धंच मान्य करतो. इमारत, ग्रंथालय, शिक्षक, बाहेरच्या जगाशी संबंध हे मिशनने दिलं. त्याशिवाय मसुदा लिहिणारी मुलं एकत्र आलीच नसती. पण एकत्र आणण्यामागे काटकसर होती, दूरदृष्टी नव्हे. आणि बोलण्याचा अधिकार, म्हणजे दीक्षा आणि बिशपपद, मिशनने मागून घेतल्याशिवाय दिला नाही. आउआला १९६३ मध्ये बिशप झाले म्हणून १९७१ मध्ये सही करू शकले. तिथे मिशनरी अध्यक्ष असता तर मसुदा बहुधा फायलीत राहिला असता.

त्या वर्षांत पाउलिनममध्ये शिकणारा, आणि ओत्जिम्बिंग्वेतच जन्मलेला एक तरुण म्हणजे झेफानिया कामीता. पुढे तो याच शाळेचा प्राचार्य झाला, १९८९ च्या घटना समितीत बसला, मग बिशप, मग गरिबी निर्मूलन खात्याचा मंत्री. ओत्जिवेरो या वस्तीत २००८-०९ मध्ये साठ वर्षांखालच्या प्रत्येकाला दरमहा १०० नामिबियन डॉलर विनाअट देण्याचा जो प्रयोग झाला, त्याच्या मागे तो होता. शाळेच्या माहितीपत्रकात छापावी अशी ही वाटचाल.

माहितीपत्रकात न छापली जाणारी बाजूही या प्रकरणाचाच भाग आहे. सालातिएल आइलोंगा हे ल्यूथरन पाळक झांबियात स्वापोच्या निर्वासितांमध्ये काम करत होते. १९७६ मध्ये स्वापोने आपल्याच शेकडो कार्यकर्त्यांना प्रश्न विचारले म्हणून कैदेत टाकलं, तेव्हा आइलोंगांनी हे मायदेशातल्या चर्चच्या पुढाऱ्यांना कळवलं. फोर्स्टरला कलमवार जाब विचारणाऱ्या चर्चने या वेळी जाहीर पत्र काढलं नाही. १९८० च्या दशकात अंगोलातल्या लुबांगोमध्ये स्वापोने हेर म्हणून पकडलेल्या माणसांना जमिनीतल्या खड्ड्यांत डांबलं. नातेवाईक विंडहुकमध्ये चर्चच्या दारात येत राहिले. शत्रूच्या हाती कोलीत द्यायचं नाही, हे कारण समजण्यासारखं आहे. पण कलम ३ आणि कलम १९ तिथेही लागू होती.

२१ मार्च १९९० ला देश स्वतंत्र झाला. लुबांगोहून परतलेल्यांची हकिगत १९९५ मध्ये पुस्तकरूपाने लिहिली ती सीगफ्रीड ग्रोट या जर्मन पाळकाने. राइनिश मिशनच्या वारसदार संस्थेचा तो माणूस, निर्वासितांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेला. राष्ट्राध्यक्ष सॅम नुजोमा यांनी दूरचित्रवाणीवरून त्याच्यावर जाहीर टीका केली. चर्चमध्ये यावर मोकळी चर्चा व्हावी असं म्हणणारे होते आणि जखम उकरू नका म्हणणारेही होते. पाउलिनम १९९७ मध्ये ओत्जिम्बिंग्वे सोडून विंडहुकला गेलं तेव्हा हा वाद चालूच होता.